नाव जुळलं म्हणजे लायब्ररी जुळली असं नाही : लिनक्सवरच्या शेअर्ड लायब्रऱ्यांची पायरीवार वाट

शेअर्ड लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात ती तयार कोडची फाइल. ती न जुळल्याने प्रोग्रॅम अडण्याचा प्रश्न सोलापुरात दोन ठिकाणी हमखास भेटतो. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याच्या घरी उबुंटू २४.०४ असतं, कॉलेजच्या लॅबमध्ये २०.०४. रात्री घरी व्यवस्थित चाललेला प्रोजेक्ट सकाळी सरांसमोर उघडतच नाही. दुसरं ठिकाण म्हणजे अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीतला एखादा कारखाना. लेबल छापायचा किंवा जॅकार्डचं (नक्षी विणणाऱ्या मागाचं) डिझाइन यंत्राला पाठवायचा प्रोग्रॅम कधीतरी जुन्या लिनक्ससाठी बनवून घेतलेला असतो. पीसी बदलला, नवं लिनक्स टाकलं, आणि प्रोग्रॅम म्हणतो की लिबएसएसएल.एसओ.१.१ (सुरक्षित जोडणीसाठीच्या ओपनएसएसएल लायब्ररीची जुनी फाइल) सापडत नाही.

यावर घाईघाईत मिळणारा सल्ला ठरलेला असतो: नव्या लायब्ररीला जुन्या नावाची लिंक करून टाका. तो सल्ला का चुकीचा आहे आणि त्याऐवजी काय करायचं, ते इथे क्रमाने सांगितलं आहे. आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती नेहमीप्रमाणे रोमन अक्षरांतच द्यायची.

हाताशी काय असावं

कामाला बसण्याआधी हे जमवून ठेवा. बिनयुटिल्स पॅकेज, म्हणजे रीडएल्फ, ऑब्जडम्प आणि एनएम ही तिन्ही अवजारं मिळतात. पॅचएल्फ, बनलेल्या प्रोग्रॅममधला लायब्ररीचा पत्ता बदलायला. ॲप्ट-फाइल, कोणती फाइल कोणत्या पॅकेजमध्ये आहे ते सांगायला; बसवल्यावर 'ॲप्ट-फाइल अपडेट' एकदा चालवावं लागतं. स्वतः लायब्ररी लिहिणार असाल तर ॲबिगेल-टूल्स, त्यात लायब्ररीच्या दोन आवृत्त्यांतला फरक दाखवणारं एबीआयडिफ असतं. एलडीडी आणि एलडीकॉन्फिग प्रत्येक मशीनवर आधीपासून असतात. याशिवाय लाइव्ह लिनक्सचा एक पेन ड्राइव्ह बनवून ठेवा.

आणि एका कागदावर तीन गोष्टी लिहा: मूळ प्रोग्रॅम कोणत्या लिनक्सवर बनला होता, आताच्या मशीनवर कोणतं आहे, आणि दोन्हीकडे जीलिबसीची, म्हणजे जवळपास प्रत्येक प्रोग्रॅमला लागणाऱ्या मूळ सी लायब्ररीची, कोणती आवृत्ती आहे. 'एलडीडी डॅश डॅश व्हर्जन' दिलं की पहिल्याच ओळीत जीलिबसीचा आकडा येतो. नेहमी लागणारे आकडे असे: आरएचईएल (रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स) ७ वर २.१७, आरएचईएल ८ वर २.२८, उबुंटू २०.०४ आणि डेबियन ११ वर २.३१, आरएचईएल ९ वर २.३४, उबुंटू २२.०४ वर २.३५, डेबियन १२ वर २.३६, उबुंटू २४.०४ वर २.३९. निम्मे घोटाळे एवढ्या कागदावरच उलगडतात.

१. एका लायब्ररीची तीन नावं ओळखा

डेटा दाबून लहान करणाऱ्या झेडलिब या लायब्ररीचं उदाहरण घेऊ. उबुंटू २२.०४ वर खरी फाइल लिबझेड.एसओ.१.२.११ आहे. तिच्याकडे बोट दाखवणारी लिंक लिबझेड.एसओ.१. आणि प्रोग्रॅम बनवणाऱ्यांसाठीचं डेव्ह पॅकेज बसवलं असेल तर तिसरी, नुसती लिबझेड.एसओ.

शेवटचं नुसतं नाव फक्त प्रोग्रॅम बनवताना लागतं. तुम्ही कंपायलरला 'डॅश एलझेड' म्हणता तेव्हा लिंकर, म्हणजे कोडला लायब्ररी जोडणारा प्रोग्रॅम, हीच फाइल शोधतो. प्रोग्रॅम चालवताना तिचा काहीही संबंध नसतो. म्हणून लिंकर लायब्ररी सापडत नाही म्हणाला तर डेव्ह पॅकेज बसवायचं, आणि चालवताना सापडत नाही म्हणाला तर मूळ पॅकेज. या दोन तक्रारींची गल्लत झाली की तासभर सहज वाया जातो.

मधलं नाव सगळ्यात महत्त्वाचं. त्याला एसओनेम म्हणतात, आणि ते लायब्ररीच्या फाइलीच्या आत कोरलेलं असतं. प्रोग्रॅम बनतो तेव्हा लिंकर लायब्ररीतलं हे एसओनेम उचलतो आणि प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवतो: मला लिबझेड.एसओ.१ हवी. आतली आवृत्ती १.२.११ होती की आणखी कुठली, याची नोंद तिथे राहत नाही. उबुंटू २४.०४ वर झेडलिब १.३ आलं, तरी एसओनेम लिबझेड.एसओ.१ च राहिलं. म्हणून जुने प्रोग्रॅम पुन्हा न बनवता तिथे चालतात.

एसओनेममधला आकडा हा लायब्ररी लिहिणाऱ्याने दिलेला शब्द आहे: 'हा आकडा तोच आहे तोवर तुमचा जुना प्रोग्रॅम मोडणार नाही.' आकडा बदलला म्हणजे त्याने जाहीर सांगितलं की जुना करार संपला. ओपनएसएसएलने सप्टेंबर २०२१ मध्ये ३.० आणताना १.१ वरून ३ असा आकडा बदलला तो याच अर्थाने.

२. प्रोग्रॅमला काय हवंय ते त्यालाच विचारा

'रीडएल्फ डॅश डी' आणि पुढे प्रोग्रॅमचं नाव द्या. नीडेड असं लिहिलेल्या ओळी दिसतील. त्याला हव्या असलेल्या एसओनेमांची ती यादी. आरपाथ किंवा रनपाथ (लायब्ररी कुठे शोधायची याचा प्रोग्रॅममध्येच लिहिलेला पत्ता) असेल तर तेही इथेच दिसतं. एखाद्या लायब्ररीवर हीच आज्ञा चालवली तर तिचं स्वतःचं एसओनेम कळतं.

मग एलडीडी. ते सगळी साखळी उलगडून दाखवतं: ही लायब्ररी या फाइलीतून मिळाली, ही मिळालीच नाही. 'एलडीडी डॅश आर' दिलं तर न सापडणारे सिम्बॉलही, म्हणजे लायब्ररीतल्या फंक्शनांसारख्या गोष्टींची नावंही, दिसतात. मात्र अनोळखी माणसाकडून पेन ड्राइव्हवर आलेल्या प्रोग्रॅमवर एलडीडी चालवू नका. काही परिस्थितीत एलडीडी तो प्रोग्रॅम प्रत्यक्ष सुरू करू शकतं. अशा फाइलीला रीडएल्फ डॅश डी पुरेसं आहे, ते नुसतं वाचतं.

एलडीडीला एक गोष्ट कधीच दिसत नाही: चालता चालता डीएलओपन या फंक्शनने उघडलेले प्लगइन. एलडीडीत सगळं हिरवंगार, आणि छपाईचं बटण दाबताच प्रोग्रॅम कोसळला, तर तिकडे बघा. 'एलडी_डीबग=लिब्ज' हे व्हेरिएबल प्रोग्रॅमच्या आधी लिहून तो चालवला की लोडर (प्रोग्रॅम सुरू होताना त्याला लायब्रऱ्या जोडणारा भाग) कोणती फाइल कुठे कुठे शोधतोय हे ओळीने छापतो. लांबलचक यादी येते, पण तीत उत्तर असतंच.

३. एरर शब्दशः वाचा

सगळ्या एरर एकसारख्या दिसतात म्हणून सगळ्यांवर एकच औषध चालवलं जातं. त्या पाच वेगवेगळ्या तक्रारी आहेत.

'कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल'. त्या एसओनेमची फाइल मशीनवर नाही, किंवा आहे पण लोडर शोधतो त्या जागी नाही. 'एलडीकॉन्फिग डॅश पी' ची यादी ग्रेपने चाळून यातलं कोणतं खरं ते ठरवा.

'व्हर्जन जीलिबसी_२.३४ नॉट फाउंड'. फाइल सापडली, पण जुनी निघाली. प्रोग्रॅम नव्या मशीनवर बनलाय आणि तुम्ही तो जुन्यावर चालवताय. लॅबमधली तक्रार बहुतेक वेळा हीच असते. २.३४ हाच आकडा सारखा दिसतो त्याला कारण आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या जीलिबसी २.३४ ने लिबपीथ्रेड ही वेगळी लायब्ररी मुख्य लिबसीमध्ये सामावून घेतली, आणि प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या मूळ फंक्शनलाही नवा आवृत्ती-शिक्का दिला. त्यामुळे २.३४ किंवा पुढच्या जीलिबसीवर बनवलेला अगदी चार ओळींचा सी प्रोग्रॅमसुद्धा २.३१ वर सुरू होत नाही. तुम्ही कोडमध्ये नवीन काही वापरलं नसलं तरी.

'व्हर्जन जीलिबसीएक्सएक्स_३.४.३० नॉट फाउंड'. दिसायला वरच्यासारखी, पण ही सी++ ची लायब्ररी, लिबएसटीडीसी++. ३.४.३० हा शिक्का जीसीसी १२ बरोबर आला. गंमत म्हणजे मशीनवर पुरेशी नवी फाइल असूनही ही एरर येते. कोनडा हे पॅकेज बसवणारं अवजार किंवा एखादं विकत घेतलेलं सॉफ्टवेअर आपली जुनी लिबएसटीडीसी++ सोबत आणतं आणि पाथमध्ये ती पुढे लागते. एररमध्ये फाइलीचा पूर्ण पत्ता छापलेला असतो. तो सिस्टिमच्या फोल्डरचा आहे की आणखी कुठला, हे आधी बघा.

'सिम्बॉल लुकअप एरर, अनडिफाइन्ड सिम्बॉल'. लायब्ररी मिळाली, एसओनेम जुळलं, पण आतलं फंक्शन नाही. एक तर लायब्ररीवाल्याने आकडा न बदलता फंक्शन काढलं, नाहीतर तुमची लायब्ररी प्रोग्रॅम बनला तेव्हाच्या लायब्ररीपेक्षा जुनी आहे. सिम्बॉलच्या नावात 'सीएक्सएक्स११' दिसलं तर कारण तिसरंच: २०१५ मध्ये जीसीसी ५ ने स्ट्रिंग आणि लिस्ट यांची आतली रचना बदलली, आणि तुमचा अर्धा कोड जुन्या रचनेने तर अर्धा नव्याने बनला आहे. सगळे भाग एकाच सेटिंगने पुन्हा बनवणं हाच उपाय. ही एरर प्रोग्रॅम सुरू झाल्यावर बऱ्याच वेळानेही येऊ शकते, कारण लोडर फंक्शन लागेल तेव्हाच शोधतो. 'एलडी_बाइंड_नाऊ=१' ठेवून चालवलं की सगळी शोधाशोध सुरुवातीलाच होते. बिल काढताना मध्येच कळण्यापेक्षा हे बरं.

'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी', आणि फाइल तर डोळ्यांसमोर आहे. नवख्या माणसाला सगळ्यात जास्त छळणारी एरर ही. इथे न सापडणारी फाइल म्हणजे प्रोग्रॅम नव्हे, त्याचा लोडर. 'फाइल' ही आज्ञा द्या. ३२ बिट असं उत्तर आलं तर ६४ बिट मशीनवर त्याचा लोडरच नाही. डेबियन-उबुंटूवर 'डीपीकेजी डॅश डॅश ॲड-आर्किटेक्चर आय३८६', मग 'ॲप्ट अपडेट', मग लिबसी६:आय३८६ हे पॅकेज. प्रोग्रॅमला लागणारी प्रत्येक लायब्ररीही ३२ बिटवालीच लागेल. अल्पाइन लिनक्सवरही हीच एरर येते. तिथे जीलिबसीऐवजी मसल ही दुसरी सी लायब्ररी असते आणि तिचा लोडर वेगळा.

४. लोडर कुठे आणि कोणत्या क्रमाने शोधतो

क्रम पाठच करा. पहिलं, प्रोग्रॅममध्ये लिहिलेला आरपाथ, पण रनपाथ नसेल तरच. दुसरं, एलडी_लायब्ररी_पाथ. तिसरं, रनपाथ. चौथं, एलडीकॉन्फिगने बनवलेली कॅश. शेवटी लिब आणि युएसआर-लिब ही ठरलेली फोल्डर.

यात दोन खड्डे आहेत. रनपाथ फक्त त्या प्रोग्रॅमच्या थेट मागण्यांना लागू होतो. प्रोग्रॅमला 'अ' लायब्ररी हवी आणि 'अ' ला 'ब' हवी असेल, तर 'ब' शोधताना प्रोग्रॅमचा रनपाथ बघितला जात नाही. 'अ' मध्ये स्वतःचा रनपाथ असावा लागतो. दुसरा खड्डा युएसआर-लोकल-लिब. डेबियन-उबुंटूवर ते फोल्डर कॅशच्या यादीत असतं, फेडोरा-आरएचईएलवर मुळात नसतं. म्हणून फेडोरावर सोर्समधून बसवलेली लायब्ररी सापडत नाही, तर उबुंटूवर ती सिस्टिमच्या लायब्ररीला झाकते. 'नो व्हर्जन इन्फर्मेशन अव्हेलेबल' असा इशारा दिसला तर कोणीतरी सोर्समधून बसवलेली प्रत, बहुधा लिबकर्लची, मध्ये आली आहे असं समजा.

नवी लायब्ररी फोल्डरमध्ये टाकली की 'सुडो एलडीकॉन्फिग' चालवायचं. ते प्रत्येक फाइलीच्या आतलं एसओनेम वाचून त्या नावाची लिंक स्वतः बनवतं. हाताने लिंक करायची गरजच नाही.

५. दुरुस्ती, वरून खाली

या क्रमाने जा, आणि वरची पायरी खरंच जमत नसेल तरच खाली उतरा.

आधी वितरणाच्या भांडारात शोधा: 'ॲप्ट-फाइल सर्च' आणि एसओनेम. पॅकेजचं नाव बदललेलं असू शकतं. उबुंटू २४.०४ वर लिबएसएसएल३ ऐवजी लिबएसएसएल३टी६४ दिसतं. १९ जानेवारी २०३८ ला ३२ बिट वेळेचा आकडा भरून वाहणार आहे, त्याच्या तयारीत ही नावं बदलली. ६४ बिट पीसीवर आतली फाइल लिबएसएसएल.एसओ.३ च आहे, घाबरू नका.

नाही मिळालं तर सोर्स असल्यास प्रोग्रॅम नव्या मशीनवर पुन्हा बनवा, नसल्यास बनवून देणाऱ्याकडे नवी बिल्ड मागा. मागताना रीडएल्फचं आउटपुट सोबत द्या. 'चालत नाही' एवढ्यावर कोणी काही करू शकत नाही.

तेही शक्य नसेल तर जुनी लायब्ररी त्या एकट्या प्रोग्रॅमपुरती ठेवा. प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये लिब नावाचं फोल्डर करा, जुन्या लिनक्सच्या अधिकृत पॅकेजमधून ती फाइल काढून तिथे ठेवा, आणि पॅचएल्फच्या सेट-आरपाथ पर्यायाने 'डॉलर ओरिजिन, स्लॅश, लिब' असा पाथ लिहा. ओरिजिन म्हणजे प्रोग्रॅम जिथे आहे तीच जागा. फोल्डर उचलून दुसरीकडे नेलं तरी चालतं. हा पाथ एकेरी अवतरणात द्या, नाहीतर शेल डॉलरचा शब्द आधीच गिळून टाकतो. लिब फोल्डरमधल्या लायब्रऱ्या एकमेकींवर अवलंबून असतील तर त्यांनाही नुसता 'डॉलर ओरिजिन' लिहा; चौथ्या पायरीतला पहिला खड्डा आठवा.

ओपनएसएसएल १.१ बाबत मात्र सावध राहा. १.१.१ चा सार्वजनिक आधार ११ सप्टेंबर २०२३ ला संपला. इंटरनेटशी बोलणारा प्रोग्रॅम त्यावर चालवणं मला मान्य नाही. यंत्राला जोडलेल्या, नेटवरून तोडलेल्या पीसीवर ते एक वेळ चालेल.

शेवटची पायरी कंटेनर, म्हणजे बाकी मशीनपासून वेगळी ठेवलेली जागा: पॉडमन किंवा डॉकरमध्ये जुन्या लिनक्सची पूर्ण प्रतिमा (इमेज) घेऊन प्रोग्रॅम त्यात चालवायचा. प्रोग्रॅमला आठ-दहा जुन्या लायब्रऱ्या लागत असतील तर सुट्या फाइली गोळा करण्यापेक्षा हेच सोपं पडतं.

६. हे करू नका

नव्या फाइलीला जुन्या एसओनेमची लिंक. लिबएसएसएल.एसओ.३ ला १.१ असं नाव दिलं की पुढची एरर येते, 'ओपनएसएसएल_१_१_० नॉट फाउंड'. ही तर सुदैवाची गोष्ट, कारण ओपनएसएसएलच्या सिम्बॉलवर आवृत्तीचे शिक्के आहेत आणि लोडर तिथेच थांबतो. शिक्के नसलेल्या लायब्ररीत प्रोग्रॅम सुरू होतो, चुकीच्या जागचे बाइट वाचतो आणि चुकीचे आकडे छापतो. एररने थांबलेला प्रोग्रॅम परवडला.

नव्या मशीनवरून लिबसी.एसओ.६ उचलून जुन्यावर टाकणं. जीलिबसी आणि तिचा लोडर ही जोडी आहे. एक बदललं की एलएससुद्धा चालत नाही, सुडो चालत नाही, लॉगिनही होत नाही. झालंच असेल तर चालू टर्मिनल बंद करू नका, पीसी रीस्टार्ट करू नका. तिथून काही जमलं नाही तर लाइव्ह पेन ड्राइव्हवरून बूट करून मूळ फाइल परत ठेवा.

एलडी_लायब्ररी_पाथ बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या फाइलीत) कायमचं लिहिणं. मग तो प्रत्येक प्रोग्रॅमला लागतो, ब्राउझरलाही, पायथनलाही. लागलाच तर एका प्रोग्रॅमच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये ठेवा.

चालू प्रोग्रॅमची लायब्ररी सीपी या कॉपीच्या आज्ञेने वरून लिहिणं. सीपी त्याच फाइलीतले बाइट बदलतं, आणि ती मेमरीत जोडून बसलेला प्रोग्रॅम त्या क्षणी कोसळू शकतो. 'इन्स्टॉल' ही आज्ञा वापरा. ती जुनी फाइल आधी दूर करून नवी ठेवते, आणि चालू प्रोग्रॅमच्या हातात जुनी प्रत तशीच राहते.

७. तुमचा प्रोग्रॅम दुसऱ्याच्या मशीनवर चालावा म्हणून

नियम सोपा: ज्या सगळ्यात जुन्या लिनक्सवर चालवायचंय, तिथेच बनवा. जीलिबसी मागे बघते, पुढे नाही. जुन्यावर बनलेलं नव्यावर चालतं, कारण जुनी वागणूक ती जपून ठेवते. २०११ च्या २.१४ मध्ये मेमसीपीवाय फंक्शनची वागणूक बदलली तेव्हा ६४ बिट पीसीवर जुन्या प्रोग्रॅमांसाठी २.२.५ शिक्क्याचं जुनं मेमसीपीवाय तसंच ठेवलं, नव्यांना २.१४ शिक्क्याचं दिलं. आजही दोन्ही एकाच फाइलीत आहेत.

त्यासाठी जुना पीसी शोधायला नको. अल्मालिनक्स ८ ची प्रतिमा घ्या, जीलिबसी २.२८ मिळते, जीसीसी-टूलसेटमुळे कंपायलरही नवा वापरता येतो. लॅबमध्ये २०.०४ असेल तर उबुंटू २०.०४ चीच प्रतिमा घेतलेली बरी. बनवून झालं की 'ऑब्जडम्प डॅश मोठा टी' चं आउटपुट ग्रेपने जीलिबसीसाठी चाळा. सगळ्यात मोठा आकडा समोरच्या मशीनच्या आकड्यापेक्षा लहान किंवा तेवढाच हवा. ही तपासणी सबमिशनच्या आदल्या रात्री करू नका.

सगळं स्टॅटिक करून टाकावं असं वाटेल. छोट्या अवजाराला चालतं. पण जीलिबसी स्टॅटिक केली तरी नेटवर्कवर नाव शोधणारी फंक्शनं चालताना शेअर्ड लायब्ररी मागतातच, आणि तीही त्याच आवृत्तीची.

८. स्वतःची लायब्ररी लिहिताना करार कसा पाळायचा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या सोलापूरकराला जॅकार्डवरून लगेच कळतील. कार्डावरचं प्रत्येक भोक एका ठरावीक हुकासाठी असतं. चाळिसाव्या हुकाच्या आधी एक नवा हुक घातला आणि कार्डं जुनीच ठेवली, तर चाळिसापासून पुढची सगळी नक्षी एका घराने सरकते. माग चालू राहतो, कापडही निघतं, फक्त मोर मोरासारखा दिसत नाही. स्ट्रक्टमध्ये, म्हणजे सी मधल्या एकत्र बांधलेल्या माहितीच्या गटात, मधेच फील्ड घालणं म्हणजे अगदी हेच.

ताग्याची माहिती ठेवणारं एक स्ट्रक्ट धरा: नग ४ बाइटचा पूर्णांक, लांबी ४ बाइटचा पूर्णांक, वजन ८ बाइटचा डबल. ६४ बिट पीसीवर नग ० वर, लांबी ४ वर, वजन ८ वर. एकूण १६ बाइट. आता लांबी आणि वजनाच्या मधे ४ बाइटचा रंग घातला. रंग ८ वर बसला. डबलला ८ च्या पटीतली जागा लागते, म्हणून मधे ४ बाइट रिकामे जाऊन वजन १६ वर गेलं, एकूण २४. जुना प्रोग्रॅम वजन अजूनही ८ वरच वाचतो. त्याला तिथे रंग आणि कचरा मिळतो. एरर नाही, इशारा नाही, बिलावर वजन चुकलेलं.

फील्ड शेवटी घातलं तर? स्ट्रक्टची जागा लायब्ररीच देत असेल तरच चालतं. जुन्या प्रोग्रॅमने स्वतः १६ बाइट दिले आणि लायब्ररीने तिथे २४ लिहिले, तर शेजारचं पुसलं जातं. म्हणून पहिल्या आवृत्तीपासूनच स्ट्रक्टची आतली रचना हेडरमध्ये उघडी करू नका. नुसता पॉइंटर द्या, आणि बनवायला, वाचायला, सोडायला फंक्शनं द्या. ही एक सवय लावली तर पुढची कैक वर्षं एसओनेम बदलावं लागत नाही.

करार मोडणारे आणखी बदल: फंक्शन काढणं, त्याचे पॅरामीटर किंवा परतीचा प्रकार बदलणं, इनमच्या (ओळीने आकडे दिलेल्या नावांच्या यादीच्या) मधे नवी किंमत घालणं. सी++ मध्ये क्लासला नवा डेटा मेंबर, आणि व्हर्च्युअल फंक्शन घालणं किंवा त्यांचा क्रम बदलणं. न मोडणारे: नवं स्वतंत्र फंक्शन, व्हर्च्युअल नसलेलं नवं मेंबर फंक्शन, आतला अल्गोरिदम सुधारणं. फंक्शनचं नाव आणि पॅरामीटर तेच ठेवून अर्थ बदलणं, म्हणजे काल मीटर परत करणारं फंक्शन आज सेंटिमीटर देणं, हेही मोडणंच. ते कुठलंही अवजार पकडून देत नाही.

बनवताना एसओनेम लिंकरला स्वतः सांगा: 'डॅश मोठा डब्ल्यूएल, स्वल्पविराम, डॅश एसओनेम, स्वल्पविराम' आणि नाव. ते दिलं नाही तर प्रोग्रॅममध्ये फाइलीचं नुसतं नाव जातं आणि आवृत्तीचा सगळा खेळ तिथेच संपतो. 'डॅश एफव्हिजिबिलिटी=हिडन' द्या, म्हणजे तुम्ही मुद्दाम उघडं ठेवलेलं तेवढंच बाहेर दिसेल. जे दिसतं ते कोणीतरी वापरतंच, मग ते काढता येत नाही.

लिबटूल हे लायब्ररी बनवायचं अवजार वापरत असाल तर व्हर्जन-इन्फोचे तीन आकडे, करंट, रिव्हिजन आणि एज, हे तुमच्या रिलीजचे आकडे नव्हेत. फक्त आतला कोड बदलला तर रिव्हिजन एकने वाढवा. बाहेरून दिसणारं काहीही बदललं तर करंट एकने वाढवून रिव्हिजन शून्य. नुसती भर घातली असेल तर एजही एकने वाढवा; काही काढलं किंवा बदललं असेल तर एज शून्य. लिनक्सवर एसओनेमचा आकडा करंट वजा एज असतो. ५:०:३ दिलं तर फाइलीच्या शेवटी .२.३.० येतं.

मग एबीआयडिफ. एबीआय म्हणजे बनलेला प्रोग्रॅम आणि लायब्ररी यांच्यातला हाच करार. जुनी आणि नवी दोन्ही 'डॅश जी' ने बनवा आणि एबीआयडिफला द्या. कोणत्या स्ट्रक्टचा आकार किती बाइटने बदलला, कोणतं फंक्शन गेलं, ते नावानिशी सांगतं. परतीच्या आकड्यात ४ चा बिट म्हणजे एबीआयमध्ये बदल आहे, स्वतः बघून ठरवा. ८ चा बिटही लागला तर बदल नक्की विसंगत: रिलीज थांबवा, नाहीतर एसओनेम बदला. बिल्डच्या स्क्रिप्टमध्ये ही तपासणी घालायला दहा मिनिटं लागतात.

९. अपग्रेडच्या दिवशी

उन्हाळ्यात दुपारी वीज जाण्याची शक्यता धरूनच बसा. युपीएस नसेल तर लिनक्सची आवृत्ती बदलायला घेऊ नका. अपडेट मध्येच तुटलं तर पीसी चालू झाल्यावर 'सुडो डीपीकेजी डॅश डॅश कॉन्फिगर डॅश ए', आणि त्यानंतर 'सुडो ॲप्ट डॅश एफ इन्स्टॉल'. बहुतेक वेळा एवढ्याने सावरतं.

सुरू करण्याआधी महत्त्वाच्या प्रोग्रॅमचं एलडीडीचं आउटपुट एका फाइलीत साठवा. अपग्रेडनंतर पुन्हा घ्या आणि डिफने शेजारी लावा. काय हरवलं ते लगेच दिसतं. यंत्रमागाशी किंवा प्रिंटरशी बोलणाऱ्या पीसीवर एखादं पॅकेज जसंच्या तसं ठेवायचं असेल तर 'ॲप्ट-मार्क होल्ड' आहे, पण होल्ड केलेल्या पॅकेजला सुरक्षेचे अपडेटही येत नाहीत. कोणतं पॅकेज का धरून ठेवलंय ते पीसीवरच चिठ्ठी लावून लिहा.

लायब्ररी अपडेट झाली तरी आधीपासून चालू असलेले प्रोग्रॅम जुनीच प्रत मेमरीत धरून असतात. 'सुडो एलएसओएफ' चं आउटपुट ग्रेपने डीईएलसाठी चाळलं की असे प्रोग्रॅम दिसतात. नीडरीस्टार्ट हे पॅकेज तेच काम नीट यादी करून देतं. त्यांना रीस्टार्ट केल्याशिवाय सुरक्षेची दुरुस्ती लागू झालेली नसते. आणि रीस्टार्ट शिफ्ट संपल्यावर करा, चालू मागावर नाही.